प्रकाशाचे पाते आणि घरातला मोतीबिंदू



घरातील आजी-आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, की कुटुंबवैद्याकडे हमखास एक प्रश्न येतो : "डॉक्टर, आईचं साधं ऑपरेशन करावं की लेसरचं?" विचारणाऱ्याच्या हाती नेत्ररुग्णालयाने दिलेले खर्चपत्रक असते. त्यात एका रकान्यात नेहमीची शस्त्रक्रिया असते, दुसऱ्यात 'फेम्टो लेसर' किंवा 'बिनपात्याची' शस्त्रक्रिया, आणि दोन्ही आकड्यांत बरेच अंतर असते. प्रश्न वरकरणी वैद्यकीय असला, तरी त्यामागे एक अवघड भावना दडलेली असते. स्वस्त पर्याय निवडला तर आईवडिलांच्या बाबतीत आपण हात आखडला, ही रुखरुख जन्मभर राहील, असे मुलांना वाटते. परगावी असलेला मुलगा फोनवर म्हणतो, "पैशांचा विचार करू नका, लेसरच करा." आणि जिच्या डोळ्यांचा प्रश्न आहे ती आई म्हणते, "माझ्यासाठी एवढा खर्च नको. पुढच्या वर्षी बघू."

मला काळजी वाटते ती या 'पुढच्या वर्षी'ची. म्हणून आजच्या लेखात हा फेम्टो लेसर म्हणजे नेमके काय, तो इतका सूक्ष्म छेद कसा घेतो आणि मोतीबिंदूच्या रुग्णाला त्याचा कितपत लाभ होतो, हे क्रमाने पाहू. विषय भौतिकशास्त्राचा आहे. परंतु तो समजला की खर्चपत्रकावरील दोन रकान्यांचा अर्थ आपला आपल्यालाच लागेल.

फेम्टो म्हणजे किती?

पापणी लवण्याच्या अवधीला आपण निमिष म्हणतो. फेम्टोसेकंद हा त्याहून कल्पनातीत लहान कालखंड आहे. एका सेकंदाचे दहा लाख भाग करावे, त्यातील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावे आणि त्यातील एकाचे हजार भाग करावे. तेव्हा एक फेम्टोसेकंद हाती लागतो. दुसऱ्या रीतीने सांगायचे तर, एका सेकंदापुढे एक फेम्टोसेकंद तेवढाच लहान, जेवढा ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे एक सेकंद. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. पण शंभर फेम्टोसेकंदांत त्याची मजल जाते केवळ ०.०३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या या लेसरचा प्रत्येक स्पंद साधारणपणे काहीशे फेम्टोसेकंद टिकतो. दोन स्पंदांमध्ये मात्र तुलनेने प्रदीर्घ अंधार असतो. या लुकलुकीतच त्याचे सारे सामर्थ्य आहे.

टाळांचा एक ठोका

इतका अल्पजीवी प्रकाश निर्माण करायचा कसा? कोणताही यांत्रिक पडदा एवढ्या वेगाने उघडझाप करू शकत नाही. त्यामुळे येथे प्रकाशाकडूनच प्रकाशाला शिस्त लावून घ्यावी लागते.

आषाढीच्या वारीतील दिंडी डोळ्यांपुढे आणा. शंभर टाळकरी आपापल्या लयीत टाळ वाजवू लागले, तर कानांवर पडतो तो अखंड गलबला. पण तेच शंभर जण एकाच क्षणी टाळ मिटू लागले, की एक खणखणीत ठोका ऐकू येतो, मग निःशब्दता, मग पुन्हा ठोका. टाळकरी तेवढेच, परिश्रमही तेवढेच. फरक पडला तो ताल जुळल्यामुळे.

लेसरमध्ये दोन आरशांच्या मध्ये प्रकाश येरझारा घालत असतो. त्यात एकमेकांपासून किंचित भिन्न अशा असंख्य प्रकाशलहरी असतात. त्या आपापल्या तालात राहिल्या, तर मंद आणि अखंड प्रकाश मिळतो. विशिष्ट युक्तीने त्यांचा ताल जुळवला, तर साऱ्या लहरी एका क्षणी एकवटतात आणि लखकन एक स्पंद उमटतो. जेवढे जास्त 'टाळकरी', म्हणजे जेवढ्या अधिक भिन्न लहरी, तेवढा ठोका आखूड. हा स्पंद आरशांमधील अंतर एकदा जाऊन-येऊन पूर्ण करतो, तेव्हा त्याचा काही अंश बाहेर पडतो. आरशांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर एका सेकंदात सुमारे दहा कोटी स्पंद बाहेर पडतात. या पुनरावृत्तीच्या वेगाचे महत्त्व पुढे येईलच.

अरुंद दरवाजा आणि प्रसाद

मात्र एक अडचण उरते. असे नवजात स्पंद अतिशय दुबळे असतात. त्यांना बळ द्यायला जावे, तर एवढ्या अल्प काळात एकवटलेली ऊर्जा बळ देणाऱ्या स्फटिकालाच इजा करते.

या पेचातून वाट काढली ती अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील डोना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने आणि तिचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी, १९८५ साली. त्यांची युक्ती आपल्याला देवळातील गर्दीवरून सहज समजेल. अरुंद दरवाजातून सारा जमाव एकदम घुसला, तर चेंगराचेंगरी होते. म्हणून जमावाची लांब रांग करायची, एकेकाला प्रसाद द्यायचा आणि पलीकडच्या प्रांगणात सर्वांना पुन्हा एकत्र आणायचे. स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी प्रकाशाचा स्पंद सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून नेला. काचेतून वेगवेगळ्या रंगछटा वेगवेगळ्या गतीने जातात, त्यामुळे स्पंदाची लांबलचक 'रांग' झाली आणि त्याची तीव्रता उतरली. त्या स्थितीत त्याला निर्धोकपणे ऊर्जा देण्यात आली आणि अखेरीस मागे पडलेल्या छटांना पुढच्यांशी गाठ घालून देऊन त्याला पुन्हा आखूड करण्यात आले. या कामगिरीबद्दल दोघांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मारी क्यूरी आणि मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड या तिसऱ्या महिला.

हा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचला तो एका अपघातातून. मूरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. तेथील प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अनवधानाने असा लेसर गेला. रुग्णालयात त्याला तपासणारे तरुण नेत्रतज्ज्ञ रॉन कुर्ट्झ यांना त्याच्या दृष्टिपटलावर अत्यंत सूक्ष्म आणि नीटस अशा जखमा दिसल्या. भोवतीचा भाग जवळपास अबाधित होता. ज्या प्रकाशाने इतकी रेखीव इजा होते, त्याच्याकडून तितकाच रेखीव उपचारही करून घेता येईल, हा विचार त्यांनी धरला आणि टिबोर युहास या भौतिकशास्त्रज्ञासह पुढील संशोधन केले.

शक्ती प्रचंड, ऊर्जा चिमूटभर

येथे आपल्या मनातील एक भीती दूर करू. प्रखर लेसर डोळा भाजत कसा नाही?

तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी गृहिणी आठवा. तिची बोटे तव्याला लागतात, पण पोळत नाहीत. कारण उष्णता आत शिरण्याइतका अवधीच ती देत नाही. फेम्टोसेकंद स्पंद काहीसा असाच वागतो. पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेसारख्या भागावर, वापरल्या जाणाऱ्या एका स्पंदात साधारण एक मायक्रोज्यूल, म्हणजे एका ज्यूलचा दहा लाखावा भाग, एवढीच ऊर्जा असते. ती ५०० फेम्टोसेकंदांत एकवटली, तर त्या क्षणापुरती शक्ती होते २० लाख वॅट! पण असे ६० हजार स्पंद सेकंदाला सोडले, तरी सरासरी शक्ती भरते केवळ ०.०६ वॅट. आपल्या देवघरातील झिरोच्या दिव्यालाही याहून अधिक वीज लागते.

हा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकारचा असल्याने पारदर्शक भागातून आरपार जातो आणि भिंगांच्या साहाय्याने जेथे तो एका बिंदूत एकवटवला जातो, नेमका तेथेच परिणाम करतो. त्या बिंदूतील पेशीजाल क्षणार्धात विस्कटते आणि तेथे काही मायक्रॉनचा एक बुडबुडा उमटतो. एका बुडबुड्याने छेद होत नाही. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला जशी छिद्रांची ओळ असते आणि त्या ओळीवर कागद अलगद सुटतो, तसे असंख्य बुडबुडे शेजारी शेजारी पाडले, की तेथे पेशीजाल विलग होते.

आता पुनरावृत्तीच्या वेगाचे महत्त्व पाहा. पारपटलात नऊ मिलिमीटर व्यासाचा एक पापुद्रा सोडवायचा आणि बिंदूंमध्ये आठ मायक्रॉन अंतर ठेवायचे, तर सुमारे दहा लाख स्पंद लागतात. सेकंदाला दहा हजार स्पंद देणाऱ्या यंत्राला त्यासाठी १०० सेकंद लागतील. ६० हजार देणाऱ्याला १७. दीड लाख देणाऱ्याला सातहून कमी. एवढा वेळ रुग्णाचा डोळा यंत्राच्या कड्याने हलक्या निर्वाताने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वाचलेला सेकंद मोलाचा. शिवाय वेग वाढला की बिंदू अधिक जवळ पाडता येतात आणि प्रत्येकाला ऊर्जा कमी देऊन भागते. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत या लेसरने स्वतःचे स्थान निर्माण केले, ते या गुणांमुळे.

मग मोतीबिंदूत तो काय करतो?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच त्यावरील उपाय. 'माझं लेसरनं झालं' असे अनेक ज्येष्ठ सांगतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया 'फेको' पद्धतीने झालेली असते. फेकोमध्ये लेसर नसतोच. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रथम वापरलेल्या या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून एक बारीक नळी आत जाते, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या कंपनांनी गढूळ भिंगाचा चुरा करते आणि तो शोषून घेते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागील आवरण धूसर झाले, तर ते उघडण्यासाठी वापरतात तो 'याग' लेसर, तोही निराळा. त्याचा स्पंद फेम्टोसेकंद लेसरच्या स्पंदापेक्षा हजारो पट दीर्घ असतो.

फेम्टोसेकंद लेसरने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रथम २००८ साली बुडापेस्ट येथील सेमेलवाइस विद्यापीठात झोल्तान नॉज यांनी केली. यात लेसर तीन कामे करतो : पारपटलात छेद घेणे, भिंगाच्या पातळ आवरणाला पुढून गोल खिडकी पाडणे आणि भिंगाचे आधीच तुकडे करून ठेवणे. ही खिडकी अतिशय वर्तुळाकार आणि आखल्याप्रमाणे पडते, हे खरे. पण येथे लेसरचे काम संपते. पुढे तुकडे शोषून घेणे, आवरण स्वच्छ करणे आणि कृत्रिम भिंग बसवणे, ही सारी कामे नेहमीप्रमाणे शल्यविशारदाच्या हातांनीच होतात. म्हणजे 'संपूर्ण लेसरची' शस्त्रक्रिया असे काही नसते.

आता मुख्य प्रश्न : दृष्टी अधिक चांगली येते का? फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांत ९०० हून अधिक रुग्णांवर याची पद्धतशीर तुलना झाली. मनातील अपेक्षेचा परिणाम निकालावर होऊ नये म्हणून तेथे लेसर न मिळालेल्या रुग्णांसाठीही लेसरचा केवळ आभास निर्माण करण्यात आला होता. २०२० साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेसर पद्धत सुरक्षित होती, पण नेहमीच्या फेकोहून सरस ठरली नाही. ब्रिटनमधील तीन रुग्णालयांत ७८५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही असेच दिसले : परिणाम तोडीस तोड, मात्र वाढीव खर्च सार्थ ठरावा असा वाढीव लाभ नाही.

हे वाचून कोणाला वाटेल, की एवढे नोबेल विजेते तंत्र वाया गेले. तसे मुळीच नाही. कुशल हातांनी केलेली फेको शस्त्रक्रियाच मुळात इतकी उत्तम आहे, की तिच्यापुढे जाण्यास फारसा वाव उरलेला नाही. काही विशिष्ट रुग्णांत, उदाहरणार्थ भिंगाला धरून ठेवणारे तंतू दुर्बल असतील तेव्हा, काही शल्यविशारदांना लेसरचे साह्य उपयुक्त वाटते; त्यांनी तसे कारण देऊन सुचवले, तर जरूर विचार करावा. उलट बाहुली पुरेशी रुंदावत नसेल, पारपटलावर दाट डाग असेल, काचबिंदू फार पुढे गेलेला असेल किंवा कंपवात वा कुबड यांमुळे रुग्णाला उताणे निश्चल पडून राहता येत नसेल, तर हा लेसर बहुधा टाळला जातो.

थांबण्याची किंमत

ज्या आजी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात, त्यांच्यासाठी एक अभ्यास मुद्दाम सांगतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ महिलांवर तो झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर, साधारण महिनाभरात करण्यात आली. इतरांना तेथील नेहमीची सुमारे वर्षभराची प्रतीक्षा करावी लागली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या महिलांत पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. उतारवयातील एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते, अंथरूण धरले जाते आणि घराची घडी विस्कटते, हे आपण सारे पाहतो. म्हणून लेसरपुरते पैसे साठेपर्यंत थांबणे हा काटकसरीचा नव्हे, तर महागडा निर्णय ठरू शकतो. आज परवडणारी, चांगल्या हातांची साधी शस्त्रक्रिया ही वर्षभराने होणाऱ्या लेसरपेक्षा श्रेयस्कर. शिबिरांत होणारी, टाक्याविना लहान छेदाची हातशस्त्रक्रियादेखील निष्णात हातांत उत्तम दृष्टी देते. तीत कमीपणा मानू नये.

तज्ज्ञांना काय विचारावे, काय सांगावे

खर्चपत्रक हाती आल्यावर तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. माझ्याच डोळ्यासाठी लेसर का सुचवत आहात? लेसर वगळून तेच कृत्रिम भिंग बसवता येईल का? आणि वाढीव खर्च विमा देणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. भिंगाचा खर्च आणि लेसरचा खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या एकत्र गुंफल्या असतील, तर वेगळ्या करून मागाव्यात.

सांगण्याच्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे औषध चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्यामुळे शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा पडदा शिथिल होऊन अडचण येऊ शकते. आधी कळले तर तज्ज्ञ तयारीत राहतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. मधुमेहींनी अलीकडची रक्तशर्करा आणि दृष्टिपटलाची तपासणी सोबत न्यावी. कारण पडदाच बिघडलेला असेल, तर कोणत्याही लेसरने मोतीबिंदू काढला तरी अपेक्षेइतके दिसणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा करणाऱ्यांनी एक लक्षण मनात कोरून ठेवावे : पहिल्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा आलेली दृष्टी पुन्हा अंधूक झाली, तर सकाळची वाट पाहू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

राहता राहिला रोजचा नेम. ज्या सेमेलवाइस यांचे नाव बुडापेस्टच्या त्या विद्यापीठाला आहे, त्या वैद्याने १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना हात धुण्यास लावून असंख्य मातांचे प्राण वाचवले होते. आईच्या डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी साबणाने स्वच्छ हात धुवा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका आणि सांगितलेले सर्व दिवस थेंब चुकवू नका. कोणत्याही रकान्यातील शस्त्रक्रिया निवडली असली, तरी एवढे करावेच लागते. आणि त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.